बारक्याचं मॅचिंग

आमच्या घरात धाकटा मी, पण 'बारक्या' म्हणतात ते ट्रॅक्टरला. १९९६ साली तो दारात आला तेव्हा मी दहावीत होतो. त्या वर्षी मला सायकल मिळायची होती. ती त्याच्या पहिल्या हप्त्यात गेली. तेव्हापासून आमच्या दोघांचं अगदी सख्ख्या भावांसारखं आहे, म्हणजे फारसं बरं नाही.

बारक्याचं कागदोपत्री नाव मित्सुबिशी शक्ती. कंपनी बंगळूरची, १९६७ सालची, तंत्र जपानचं, संस्कार निफाड तालुक्यातले. तीन सिलिंडर, साडेअठरा हॉर्सपॉवर. आमच्या द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये जागा नऊ फूट, त्यात दोन्हीकडून काड्या लोंबलेल्या. मोठा ट्रॅक्टर तिथं पंगतीत शिरलेल्या हत्तीसारखा दिसतो. बारक्या मात्र मठ्ठ्याचा जग घेतलेल्या वाढप्यासारखा कुणालाही धक्का न लावता सुळकन जातो. मागे पीटीओची दांडी फिरते, तिच्यावर ब्लोअर चालतो आणि फवारणी होते. आई ट्रॅक्टर शिकली ती याच्यावरच.

पुढे नवा ट्रॅक्टर आला आणि बारक्या गोठ्यात गेला. सात वर्षं उभा. उंदरांनी वायरिंग खाल्लं, सीटवर कोंबडीनं दोनदा पिल्लं काढली. पत्रा मात्र आधीच बोर्डोनं खाल्लेला होता. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी हे निळं मिश्रण शिंपडत, ते चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. त्या वेलींना डावणी रोग येत नाही हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देच्या लक्षात आलं आणि १८८५ साली त्यानं ते जगाला सांगितलं. मोरचुदात तांबं असतं आणि ते लोखंडाला सुखानं जगू देत नाही, हे आम्हाला बारक्याच्या मडगार्डनं सांगितलं.

यंदा एप्रिलमध्ये दारात भंगारवाला आला. त्यानं बारक्याभोवती एक चक्कर मारली आणि किलोचा भाव सांगितला. दादा, म्हणजे वडील, पेपरातून मान वर न करता म्हणाले, "देऊन टाका." आई म्हणाली, "किलोवर द्यायला ते काय वांगं आहे?" मी त्या वेळी सुट्टीवर आलेलो. मला एकदम भरून आलं. म्हटलं, आई, आपण याला नवा करू. छान रंगवू, फाटकाशी उभा करू, येणारे-जाणारे फोटो काढतील. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि 'नवा करू' एवढंच ऐकलं.

पुढच्या शनिवारी मी पुण्याहून नवाकोरा पान्यांचा सेट घेऊन हजर झालो. आईनं त्यातला सोळा-सतराचा पाना उचलला, हातात तोलून बघितला. "चकाकतोय छान. दिवाळीत फराळाच्या ताटात ठेवू."

मडगार्डच्या पहिल्याच बोल्टला मी सगळं वजन टाकून लोंबकळलो. बोल्टचं डोकं तुटलं आणि मी कडब्यात बसलो. "पुण्यात बरणीचं झाकण असंच उघडतोस का रे?" आईनं विचारलं. मग तिनं चहाच्या पातेल्यात आधण आणलं, पुढच्या नटावर ओतलं, वर डिझेलचे चार थेंब सोडले आणि हातोडीनं चार बाजूंनी हलके टोले दिले. सोललेल्या नारळाची करवंटी सोडवताना देतो तसे. "आता चहा घे." चहा झाल्यावर नट जुन्या मैत्रिणीसारखा फिरला. धातू तापला की प्रसरण पावतो, तेल आट्यांत झिरपतं, हे मी इंजिनीअरिंगला शिकलो होतो. चांगले मार्कही मिळाले होते.

इंजिन जाम होतं. मिस्तरींनी इंजेक्टर काढले, भोकांतून तेल सोडलं आणि आठ दिवस हात लावू नका म्हणाले. आई खूश झाली. कडधान्य भिजत घालून निवांत बसायची तिला सवय आहे. मीच रोज पुण्याहून फोन करून "हललं का?" विचारत होतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, मोड आले की कळवते."

पुढच्या रविवारी पिस्टन हलले. रिंगा, पॅकिंग, ऑईल सील सगळं नवं पडलं. सेल्फ मारला तर बारक्या नुसता खाकरायचा. टाकीत डिझेल होतं, बॅटरी भरलेली होती. पण लाइननं हवा धरलेली. मी मोबाइलवर उपाय शोधेपर्यंत आई खाली वाकली, फिल्टरवरचा छोटा स्क्रू दोन आटे ढिला केला. बुडबुडे फसफसत बाहेर आले. "पाजल्यावर ढेकर काढावा लागतो," ती म्हणाली. "तुझाही असाच अडायचा." फेस संपला, डिझेलची सरळ धार लागली, स्क्रू घट्ट झाला आणि बारक्यानं पांढरा धूर सोडत असा आवाज केला की सीटवरची कोंबडी थेट पेपरावर, म्हणजे दादांच्या मांडीवर गेली.

मग रंग. तीन दिवस पॉलिश पेपर घासून मी गंज काढला. बोटांचे ठसे गेले. ऑफिसचं बायोमेट्रिक पुढं आठवडाभर मला ओळखेना. पत्रा पांढराशुभ्र झाला, तसा मी रेड ऑक्साइडचा डबा उघडला. आईनं हे काय ते विचारलं. मी सांगितलं, प्रायमर. रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड.

"म्हणजे गंजच ना?"

"तसं... हो."

"म्हणजे फुकटचा गंज काढला आणि विकतचा लावतोयस."

यावर उत्तर आहे, ते मी दिलंही. पण तोवर ती ते शेजारच्या काकूंना सांगायला निघून गेली होती.

रंगाच्या दुकानात मात्र मी पुरता हरलो. मला वाटत होतं, लाल म्हणजे लाल. दुकानदारानं 'सिग्नल रेड' आणि 'पी.ओ. रेड' असे दोन डबे समोर ठेवले. पी.ओ. म्हणजे पोस्ट ऑफिस. सरकारी रंगतक्त्यात हे दोघे ५३७ आणि ५३८ नंबरांवर शेजारी राहतात. मी म्हटलं, कुठलाही द्या. तेवढ्यात आईनं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं बारक्याच्या टूलबॉक्सचं झाकण काढलं. त्याच्या आतल्या बाजूला ऊन-पाणी-बोर्डो काहीच पोचलेलं नव्हतं. १९९६ चा लाल जसाच्या तसा होता. मॅचिंग सेंटरमध्ये पदर काढावा तसं तिनं ते काउंटरवर पसरलं.

"यावर दाखवा."

दुकानदारानं पत्र्याच्या तुकड्यांवर दोन्ही रंगांची बोटं ओढली. आई ते घेऊन रस्त्यावर उन्हात गेली. ट्यूबलाइटखाली सगळंच मॅच होतं, हा तिचा चाळीस वर्षांचा अनुभव. सिग्नल जास्त भडक निघाला, पोस्ट ऑफिस जरा मळकं. मग काठीच्या टोकानं काळा, पुन्हा थोडा पिवळा, पुन्हा ऊन. सहावा तुकडा झाल्यावर दुकानदार काकुळतीला आला. "मावशी, ट्रॅक्टरला एवढं कोण बघतं?"

"ब्लाऊजला तरी कोण बघतं? पण चुकला की सगळ्या गावाला दिसतो."

सातवा तुकडा झाकणावर ठेवला तेव्हा तो कुठं संपतो आणि झाकण कुठं सुरू होतं, ते मला कळेना. दुकानदारानं तो तुकडा स्वतःसाठी ठेवून घेतला.

भाड्यानं कॉम्प्रेसर आणून मे महिन्यात कडुनिंबाखाली मी दोन हात मारले. पहिल्या हातात चिलटं, दुसऱ्यात वावटळ. तरी बारक्या असा दिसला की मलाच सायकलीचं दुःख विसरायला झालं. उरलेला रंग आई वाया कसा जाऊ देणार? फाटक, पाण्याचा हापसा, दोन स्टुलं आणि दादांची खुर्ची, सगळं एका कुटुंबातलं दिसू लागलं. खुर्ची ओली आहे हे दादांना कुणी सांगितलं नाही. दादांची पांढरी विजारही आता त्याच कुटुंबात आहे.

जुलैत मी चांगला कॅमेरा मागून आणला आणि गावी गेलो. फाटकाशी बारक्या नव्हता. गोठ्यातही नव्हता. बागेतून ब्लोअरचा आवाज येत होता. धावत गेलो तर दोन ओळींमधून आई येत होती, डोक्याला टॉवेल, तोंडाला फडकं, आणि माझ्या लाल बोनेटवर एक टक्का बोर्डोचे निळे ठिपके बांधणीसारखे उमटलेले.

"आई, अगं नवा रंग!"

"मग? घालायचं नाही तर घ्यायचं कशाला?"

हे मला कोण सांगत होतं? जिच्या कपाटात माझ्या लग्नातली पैठणी बारा वर्षं घडी न मोडता डांबरगोळ्यांत पडून आहे, ती बाई. मी तिथल्या तिथं तिला पैठणीची आठवण करून दिली.

आईनं तोंडावरचं फडकं खाली केलं, क्षणभर विचार केला आणि गिअर टाकला.

"पैठणीला पीटीओ कुठंय?"