सून टू बी रिप्लेस्ड

काका सरकारी भांडार खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी डेडस्टॉक रजिस्टरात मोडक्या खुर्च्यांचं निर्लेखन करण्यात गेली. त्यामुळे कुठली वस्तू कधी मरते आणि मरताना तिला इंग्रजीत काय म्हणतात, यावर त्यांचाच शब्द शेवटचा. सध्या ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत.

आमची लिफ्ट वर्षभर कण्हत होती. नवी घ्यायचं ठरलं आणि खजिनदारांनी कागद चिकटवला, 'धिस लिफ्ट विल रिप्लेस सून.' काकांनी तो उभ्या उभ्या टरकावला. "ही कुणाची जागा घेणार? जिन्याची? अहो, 'विल बी रिप्लेस्ड'! बिचारीवर कर्मणी प्रयोग चाललाय!"

दुसरा मसुदा 'ऑब्सोलीट लिफ्ट' असा आला. "ऑब्सोलीट म्हणजे गेलेली. ही अजून घरघरतेय. ऑब्सोलेसंट लिहा." फरक काय, असं मी विचारलं, चूक माझीच. हातातली दुधाची पिशवी कोमट होईपर्यंत काका पद्मिनी टॅक्सीवर बोलले. "ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी नोंदली गेली. टॅक्सीला आयुष्य वीस वर्षांचं. ती वीस वर्षं ती ऑब्सोलेसंट. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ऑब्सोलीट. कळलं?"

कळलं. 'आउटगोइंग'ही बाद झालं. ते अध्यक्षांना लावतात, म्हणे. (आमची लिफ्ट आउटगोइंग असती तर तक्रारच नव्हती. ती मध्येच थांबते.)

शेवटी 'सून-टू-बी-रिप्लेस्ड लिफ्ट' मंजूर झालं. नामाआधी आलं तर तीन हायफन, नामानंतर एकही नाही. काकांनी वॉचमनला तोंडी मजकूर सांगितला. त्यानं फळ्यावर खडूनं देवनागरीत फक्त 'सून टू बी रिप्लेस्ड' एवढंच उतरवलं. तळमजल्यावरच्या आजींनी चष्मा लावून वाचलं आणि हळूच विचारलं, "कोणाची रे?" मागे त्यांची सून भाजीची पिशवी घेऊन उभी होती. फळा पुसावा लागला.

खरं तर आपल्याकडे 'बदलायची लिफ्ट' म्हटलं की काम भागतं. बदलायचा बल्ब, काढायचा दात, पाडायची भिंत. हायफन कुणी मागत नाही. मी तसं सुचवलं. काका म्हणाले, "मराठीत नोटीस लावली तर कोणी गांभीर्यानं घेत नाही."

त्या गुरुवारी फळा कोराच होता. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आत एकटे काका. पाऊण तास. जाळीतून त्यांचा आवाज साऱ्या इमारतीनं ऐकला, "अरे, काढा रे कोणीतरी मला!" कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ आली, 'लिफ्ट बदलायची आहे. जिना वापरा.' खाली सही काकांचीच.