दोन्ही दारं बंद

सिद्धांताची गृहीतकं वास्तवाला धरून आहेत का, हे बघत बसू नका. भाकीत खरं ठरतं का, तेवढं बघा. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ च्या निबंधात अर्थशास्त्राला घालून दिलेला हा नियम. वरवर अगदी शास्त्रीय.

पण या नियमाने कुणाची साक्ष बाद झाली ते बघा. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड लेस्टर यांनी १९४६ सालच्या एका अभ्यासात थेट कारखानदारांनाच विचारलं होतं, की माणसं किती ठेवायची हे तुम्ही कशावरून ठरवता? मजुरीपेक्षा विक्रीवरून, असं बहुतेकांनी सांगितलं. फ्रीडमन यांच्या लेखी मालकांच्या अशा जबाबाला मोल नव्हतं. आणखी एक माणूस ठेवला तर खर्च किती आणि कमाई किती, असा सीमांत हिशेब जणू मांडूनच मालक वागतो, असं धरून चालायचं. मग सरकारने किमान वेतन ठरवलं की रोजगार बुडणार, हा निष्कर्ष आपोआप हाती येतो. १९४७ साली अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख हायेक यांनी स्वित्झर्लंडमधल्या माँ पेलरँला जमवलेल्या, बाजाराच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मंडळींत फ्रीडमन होते, हेही इथे सांगायला हवं.

बरं, भाकीत तर भाकीत. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सीत किमान वेतन ताशी सव्वाचार डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तिथेच राहिलं. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रुगर यांनी दोन्हीकडच्या फास्ट फूडवाल्यांकडे वाढीआधी आणि वाढीनंतर चौकशी केली: किती माणसं कामावर आहेत? न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. त्यांच्या आकड्यांवर पुढे कडाक्याचा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

जेम्स ब्युकॅनन मात्र आकड्यांत शिरलेच नाहीत. अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी, आणि हायेक यांच्या त्याच मंडळींच्या माँ पेलरँ सोसायटीचे माजी अध्यक्ष. १९९६ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये त्यांनी लिहिलं, की किमान वेतन वाढवल्याने रोजगार वाढतो म्हणणं हे पाणी चढावर वाहतं म्हणण्यासारखं आहे. असं मानणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांसाठी त्यांनी जे शब्द वापरले, ते इथे छापण्याजोगे नाहीत.

म्हणजे गृहीतकांवर बोट ठेवलं तर भाकीत बघा म्हणायचं, आणि भाकीत तपासलं तर गृहीतकच अटळ म्हणायचं. मालकाचं ऐकायचं नाही, आकड्यांचंही नाही. अशा विचाराला मी शास्त्र म्हणणार नाही. तो पगार वाढू न देण्याचा राजकीय निर्णय आहे, आणि त्याची किंमत बर्गरच्या काउंटरमागे उभा असलेला माणूस मोजतो.