भाऊजींचं कल्याण

आमचे भाऊजी पुस्तकांना तारे देत नाहीत, स्टेशनं देतात.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम डोंबिवली, ऑफिस फोर्टात, निवृत्ती जवळ आलेली. सकाळच्या फास्ट लोकलला डोंबिवलीत पाय ठेवायला जागा मिळाली तरी नशीब, म्हणून सकाळी उभ्याने ऐकायचं. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी रिकामी लागते, म्हणून येताना बसून वाचायचं. घरी मात्र त्यांनी पुस्तक उघडलेलं ताईने कधी पाहिलेलं नाही. "घरी कशाला वाचायचं?" ते विचारतात. "घरी चारी बाजूंनी कोणी रेटत नसतं. लक्ष लागत नाही."

त्यामुळे पुस्तकाची प्रत ठरवणं सोपं जातं. भायखळ्यालाच मिटलं, तर ते पुस्तक 'भायखळा'. त्यावर चर्चा नाही. दादरला माणसं आत घुसतात, कोणाची तरी बॅग नाकाला लागते; तरीही बोट ओळीवर राहिलं, तर लेखकात दम आहे. कुर्ल्यापर्यंत टिकलं की 'एकदा वाचायला हरकत नाही'. ठाण्याला 'पकड घेते'. आणि वाचता वाचता डोंबिवली कधी मागे पडली ते कळलंच नाही, मान वर केली तर गाडी कल्याणात, तर मात्र तो सर्वोच्च सन्मान. "या पुस्तकाने माझं कल्याण केलं," असं ते घरी आल्यावर सांगतात. तोवर ताईने दोनदा आमटी गरम केलेली असते. तिचं त्या लेखकाबद्दलचं मत छापण्यासारखं नसतं.

कल्याणच्याही पुढे गेलेलं पुस्तक एकच. कॉलेजात असताना सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' वाचत ते बदलापूरला पोचले होते. 2013 साली त्यावर सिनेमा आला आणि जो तो त्या कादंबरीबद्दल हळवा होऊन बोलू लागला, तेव्हा भाऊजींना भारी राग आला. "आम्ही वाचत होतो तेव्हा हेच लोक म्हणायचे, पोरगा वाया चालला. वाया जायचं ते आम्ही, आणि आठवणी यांच्या!"

असा एक वाचक बहुतेक घरांत असतो. त्याच्याकडे पुस्तकांचं कपाट नसतं. तो पुस्तक विकत घेत नाही. वाचनालयातून, शेजारच्या टेबलावरून, मुलाच्या दप्तरातून उचलतो. लेखकाचं नाव त्याच्या लक्षात राहत नाही. "ते नाही का ते, निळं कव्हर, मागे बाई पाठमोरी," एवढ्यावर समोरच्याने ओळखावं अशी त्याची अपेक्षा असते. 'लेखकाला इथे काय सुचवायचं आहे' हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. तो म्हणतो, "इथे लेखकाला घाई झाली होती." आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा झालेली असते.

भाऊजींची आणखी एक खोड म्हणजे ते शेवट आधी वाचतात. वाचनालयाच्या काउंटरवर उभे राहून शेवटची चार पानं नजरेखालून घातल्याशिवाय पुस्तक कार्डावर चढवू देत नाहीत. रहस्यकथेचंसुद्धा. "मग मजा काय राहिली?" मी एकदा विचारलं.

"अगं, खुनी कोण हे कळलं की तो पहिल्या पानापासून कसा साळसूदपणे वावरतोय ते बघायला खरी मजा. तुम्ही लोक उगाच अंधारात चाचपडत वाचता. शिवाय शेवट गुंडाळलाय का, हे घरी नेण्याआधी कळायला नको?"

हे संस्कार घरातलेच. त्यांचे वडील बाबूराव अर्नाळकरांचे निस्सीम भक्त. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावं भाऊजींनी बाराखडीच्या आधी ऐकली. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, हा आकडा ते घरच्या माणसाची मिळकत सांगावी तशा अभिमानाने सांगतात. "हजार! आणि आताचे लेखक पाच वर्षांत एक कादंबरी लिहितात, वर प्रस्तावनेत सांगतात की त्रास फार झाला."

भयकथांत त्यांचं दैवत नारायण धारप. धारपांच्या 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' आहे, असं माझ्या भाच्याने त्यांना मोठ्या आविर्भावात सांगितलं. भाऊजी जराही विचलित झाले नाहीत. "असेल. पण त्या अमेरिकन भुताला मराठी बोलायला कोणी शिकवलं?" अलीकडच्यांत हृषीकेश गुप्त्यांची पुस्तकं ते आवर्जून मागून घेतात, मात्र वाचतात फक्त गर्दीच्या गाडीत. त्यामागे विचार आहे. "डब्यात भूत शिरलंच, तर त्याला उभं राहायला जागा मिळायला नको?"

2018 साली 'तुंबाड' सिनेमा पाहिला तेव्हा त्यांना कोणीतरी सांगितलं की हे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलंय. दुसऱ्याच दिवशी दोन्ही जाडजूड खंड घरी आले. सिनेमाचं बीज धारपांच्या कथेत आहे आणि पेंडशांच्या कादंबरीत चार पिढ्यांच्या खोतांची कहाणी आहे, हे सांगायला त्या वेळी कोणी नव्हतं. भाऊजी वाट बघत राहिले. पहिला खंड संपला, सिनेमातला हस्तर आला नाही. दुसरा अर्धा झाला, तरी पत्ता नाही. मधल्या काळात ते चार वेळा कल्याणला जाऊन आले, पण ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. अखेर खंड परत करताना ग्रंथपालबाईंना म्हणाले, "भूत शेवटपर्यंत येत नाही. पण माणसंच अशी आहेत की त्याची आठवण होत नाही." पेंडशांवर याहून लांब बरंच लिहिलं गेलं असेल, याहून नेमकं मी तरी वाचलेलं नाही.

सध्या भाचा त्यांना 'आजचं' वाचायला देतो. त्यात तोशिकाझू कावागुची या जपानी लेखकाचं 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड' आलं. टोकियोतल्या एका छोट्या कॅफेत एक ठरावीक खुर्ची आहे. तिच्यावर बसलं की भूतकाळात जाता येतं. पण तिथे काहीही केलं तरी वर्तमान बदलत नाही, आणि कप गार व्हायच्या आत परत यावं लागतं. त्या खुर्चीवर एका बाईचं भूत कायम बसलेलं असतं. ती स्वच्छतागृहात जाण्यासाठी उठते, तेवढ्यातच जागा पकडायची. जगभरचे वाचक या पुस्तकावर रडले. भाऊजींनी मात्र ते रेल्वे प्रवाशाच्या नजरेने वाचलं.

"बदलणार काही नाही, तर जायचं कशाला?" त्यांनी पहिला आक्षेप घेतला. मग म्हणाले, "पण खुर्चीचं अगदी बरोबर लिहिलंय. चौथ्या सीटवर टेकलेल्या माणसाचं आयुष्य हेच असतं. खिडकीतला कधी उठतोय याकडे डोळे. या लेखकाने सेंट्रल रेल्वेने प्रवास केलेला आहे." प्रत: मुलुंड. फास्ट गाडी तिथे सगळ्या वेळी थांबत नाही, पण भाऊजींच्या मूल्यमापनात थांबते.

मग आलं ट्रॅव्हिस बाल्ड्रीचं 'लेजंड्स अँड लाटेज', 2022 सालचं. त्यात लढाया करून कंटाळलेली एक राक्षसकुळातली बाई तलवार टांगून ठेवते आणि कॉफीचं दुकान काढते. जिवाला घोर नाही, जगाचा विनाश नाही. दुकान चालेल की नाही, एवढीच धाकधूक. अशा सौम्य अद्भुतकथांची तिकडे सध्या चलती आहे. भाऊजींना पुस्तक आवडलं. एकच शंका उरली. "दुकान उघडलं, पण गुमास्ता कुठे काढला? पालिकेचा माणूस एकदासुद्धा येत नाही. मग ही खरोखरच परीकथा आहे."

कॉमिक्सच्या बाबतीत भाऊजींचा काटा इंद्रजालवर अडकलेला. 1964 साली निघालेली ही मालिका 1990 मध्ये बंद पडली, आणि त्यांच्या मते मानवजातीची उतरण तिथून सुरू झाली. वेताळ, जादूगार मँड्रेक, आबिद सुरतींचा बहादूर यांच्यावर ते तासभर बोलू शकतात. दैनिकातला 'चिंटू' त्यांना कुटुंबातला वाटायचा. पण भाच्याच्या खोलीत जपानी मांगांची चळत वाढत चालली, तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी एक उचलला आणि सवयीप्रमाणे शेवट बघायला शेवटचं पान उघडलं.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपलं शेवटचं पान म्हणजे त्यांचं पहिलं. भाऊजी आयुष्यात प्रथमच एका पुस्तकाच्या सुरुवातीपासून सुरू झाले, आणि तेही नकळत. चार पानं वाचून म्हणाले, "शेवट छान आहे, पण पात्रं एकमेकांना आत्ताच भेटल्यासारखी का वागतात?" भाचा हसून गडाबडा लोळला. सगळा उलगडा झाल्यावर भाऊजींनी शांतपणे पुस्तक फिरवलं, डावीकडून उघडलं, आणि खरा शेवट वाचून घेतला.

आता ते मांगांवरही अधिकाराने बोलतात. 1997 पासून चाललेल्या, शंभर खंड मागे टाकलेल्या 'वन पीस'बद्दल म्हणतात, "यांना खजिना सापडू नये असंच मला वाटतं. सापडला तर संपादक काय खाणार?" 'डिटेक्टिव्ह कॉनन' हा त्यांचा लाडका. सतरा वर्षांचा हुशार मुलगा विषामुळे लहान पोर होतो आणि पहिलीच्या वर्गात बसून खुनांचा छडा लावतो. मालिका 1994 साली सुरू झाली. पोरगा अजून पहिलीतच. "तीस वर्षं पहिलीत! आणि याला हुशार म्हणायचं. आमच्या वेळी असं पोर असतं, तर मास्तरांनी वडिलांना बोलावून घेतलं असतं."

सकाळच्या ऑडिओबुकांचं प्रकरण वेगळं. स्टोरीटेल 2017 साली भारतात आलं ते मराठी घेऊनच, आणि पुढे भाच्याने ते भाऊजींच्या फोनवर घालून दिलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनावर आणि वपुंच्या कॅसेटवर वाढलेला हा माणूस. "हे कथाकथनच," त्यांनी निकाल दिला. "फरक एवढाच, की आता टाळी वाजवता येत नाही. एक हात दांडीला, दुसरा पाकिटावर."

ऐकतात ते दीडपट वेगाने. निसर्गवर्णन आलं की दुप्पट. "पाऊस पडतोय हे सांगायला इतका वेळ लागत असेल, तर तोवर पाणी रुळांवर येतं." वाचकाच्या आवाजाबद्दल ते फार कडक आहेत. नायिकेचं बोलणं बारीक आवाजात म्हणणाऱ्या पुरुषांना ते ठाण्यालाच उतरवतात. त्यांना हवा असतो बातम्या देणारा कोरडा आवाज. मुडदा पडला, एवढं सांगावं, रडायचं की नाही ते आमचं आम्ही बघू. एकदा शेवटच्या प्रकरणात तपासनीस सर्वांना दिवाणखान्यात जमवून, घसा खाकरून म्हणाला, खुनी आहे... आणि डब्यातल्या बाईंनी भरघोस आवाजात जाहीर केलं, पुढील स्टेशन घाटकोपर. ऑडिओबुकाचा शेवट आधी चाळता येत नाही, ही त्यांची जुनी तक्रार त्या दिवशी पुराव्यानिशी सिद्ध झाली.

असा हा माणूस. कोणी थोर लेखकाचं नाव घेतलं तर त्याच्या चेहऱ्यावर आदराचा भाव उमटत नाही, आणि कोणी स्वस्त लेखकाचं घेतलं तर ओशाळा भावही नाही. ज्यांच्या घरी ग्रंथांचं काचेचं कपाट आहे अशी पुष्कळ माणसं मला माहीत आहेत. त्या काचेला बोटाचा ठसा नसतो. भाऊजी पुस्तकाचा मान ठेवत नाहीत, त्यात तिकीट खुपसतात, पान दुमडतात. पण संपवतात.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला हे उघड झालं. कोणाच्या कार्डावर वर्षात सर्वांत जास्त नोंदी आहेत ते पाहिलं गेलं आणि उत्कृष्ट वाचक म्हणून भाऊजींचं नाव पुकारलं गेलं. प्रमुख पाहुणे समीक्षक होते. वाचनसंस्कृती लयाला चालली आहे यावर ते तळमळून बोलले. पहिल्या रांगेत सत्कारमूर्ती एका कानात इअरफोन घालून बसले होते आणि नेमक्या करुण जागी त्यांना हसू फुटलं. भाषणानंतर पाहुण्यांनी जवळ बोलावून विचारलं, "सध्या काय वाचताय?" भाऊजींनी पाच नावं सांगितली, लेखक एकाचाही आठवला नाही. मग सौजन्याने उलट विचारलं, "तुम्ही?"

"छे हो," पाहुणे म्हणाले, "भाषणांतून सवड कुठे मिळते!"

शाल आणि नारळासोबत पाहुण्यांचाच समीक्षाग्रंथ भेट मिळाला. पुठ्ठ्याची बांधणी, पाठीमागे सविस्तर नामसूची. भाऊजींनी व्यासपीठावरच रिवाजाप्रमाणे तो मागून उघडला, चष्मा वर करून दोन-तीन पानं बोट फिरवत पाहिली आणि जागेवर येऊन माझ्या कानात म्हणाले, "संशयितांची यादी पूर्ण दिली आहे. केलं कोणी, ते मात्र सांगितलेलं नाही."