प्रो. प्रा. भाऊ

भाऊंचा धंदा कोणता, असं मुरुडात कुणाला विचाराल तर तो आधी तुम्हालाच विचारील, "कोणत्या सालचा?" मोबाइलचं दुकान, रसवंती, पाण्याचे जार, रेडिमेड कपडे, मधेच एक स्पर्धा परीक्षेची अकॅडमी. धंदे बदलतात, फ्लेक्सवरचा फोटो तोच राहतो. पांढरा शर्ट, काळा गॉगल, कानाला मोबाइल, नजर दूर लातूरच्या दिशेला. खाली 'प्रो. प्रा.' आणि नाव. अकॅडमीच्या वेळी त्या दोन अक्षरांमुळे भाऊ कॉलेजात शिकवतात, असा बऱ्याच पालकांचा समज झाला होता. भाऊंनी तो दूर केला नाही. भाऊंचं खरं नाव इथं लिहून उपयोग नाही, कारण असे भाऊ ढोकीत आहेत, औशात आहेत, बार्शीत तर आहेतच.

धंद्याची पहिली पायरी म्हणजे जागा बघणं, माल बघणं, गिऱ्हाईक बघणं, असं आपण समजतो. भाऊंची पहिली पायरी लातूरच्या फ्लेक्सवाल्याकडं. रसवंतीचा फ्लेक्स मी डोळ्यांनी पाहिलाय. वर डावीकडं सिद्धेश्वर, उजवीकडं पक्षाचे थोर नेते. त्याखाली आमदार, त्याखाली जिल्हा परिषदेचे, मग माजी सरपंच, मग भावी सरपंच, म्हणजे भाऊंचे मेहुणे. कडेनं मित्रमंडळाचे गोल गोल फोटो. त्यातला एक जण तर भाऊंशी दोन वर्षं बोलत नव्हता, पण कडा पुरी करायला एक तोंड कमी पडत होतं. फ्लेक्सवाल्यानं शेवटी विचारलं, "भाऊ, विकायचं काय, ते कुठं टाकू?"

"जागा उरली तर टाका की कोपऱ्यात."

कोपऱ्यात उसाचं एक कांडं बसलं. पत्ता 'मुरुड' एवढाच. फोन नंबर मेहुण्यांचा, त्यामुळं पहिला महिनाभर जे कुणी फोन करत होते, त्यांना रसाऐवजी ग्रामपंचायतीचं राजकारण ऐकायला मिळालं.

पण भाऊंचं खरं कौशल्य मुहूर्तात. सोयाबीन लातूरच्या आडतीत पोचतं दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि आमच्याकडं माणूस नवा शर्ट घेतो तो तेव्हाच. भाऊंनी कपड्याचं दुकान उघडलं जूनमध्ये. घराघरातला पैसा बियाणं आणि खताच्या पोत्यात गेलेला, लोक आभाळाकडं बघतायत, आणि भाऊंचा रिक्षाला बांधलेला भोंगा गल्लीगल्लीतून ओरडतोय, 'दोनवर एक फुकट!' एका म्हातारबानं रिक्षा थांबवून विचारलं, "युरिया हाय का रं?"

पाण्याच्या जारची कथा तर अजून सांगतात. 2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती. 'जलदूत' म्हणायचे त्या गाडीला, आणि ती आमच्या मुरुड स्टेशनावरूनच जायची. टँकरमागं घागरी, घागरीमागं भांडणं. पाणी विकायला यापेक्षा चांगला काळ मराठवाड्यात कधी आला नसेल, येऊही नये. सासुरवाडीच्या बोअरला बरं पाणी होतं, मशीन आलं, निळे जार आले. एप्रिलमध्ये सगळं तयार. पण उद्घाटनाला मंत्रीच पाहिजेत, हा भाऊंचा हट्ट. मंत्र्यांची तारीख मिळेना. मे गेला. जूनमध्ये तारीख मिळाली, ती रद्द झाली. लोक रिकामे जार घेऊन दारात यायचे आणि भाऊ त्यांना सांगायचे, "फीत कापल्याबिगर जार कसा द्यावा?" अखेर सप्टेंबर उजाडला. त्या परतीच्या पावसानं मांजरा धरण भरलं. ज्या दिवशी मंडप घातला, त्या दिवशी मंडपावर पाणी, मंडपाखाली पाणी. मंत्री आलेच नाहीत. भावी सरपंचांनी छत्रीखाली फीत कापली. पहिल्या शंभर जणांना जार फुकट होता, ते शंभर जण मात्र भिजत आले. दुसऱ्या दिवशीही तेच आले, आजही फुकट आहे का हे विचारायला.

उधारीबद्दल फार बोलत नाही. 'नवीन धंदा हाय, माणसं तोडायची नसतात,' हे भाऊंचं त्यावरचं धोरण. माणसं खरोखर तुटली नाहीत. फक्त भाऊंना बघून रस्ता बदलू लागली.

एकदा निवृत्त गुरुजींनी त्यांना चहाच्या हॉटेलात बसवून किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर केला तेव्हा कुणबी हात लावेना. लोखंडानं जमीन विषारी होते, असा तेव्हाचा समज. नांगराला गिऱ्हाईक लागायला दोन वर्षं गेली. मग माल शेतात उतरला, लोकांनी वापरला, कारखाना वाढला. आणि 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली, मालाची आणि कारखान्याची माहिती द्यायला. आधी नांगर आणि सतरा वर्षांनी खबर, एवढा हिशेब गुरुजींना भाऊंच्या डोक्यात घालायचा होता.

भाऊंनी त्यातली फक्त खबर उचलली. रात्रीतून व्हॉट्सॲपवर 'भाऊंची खबर' असा ग्रुप निघाला. गावातला जो नंबर हाती लागला तो आत. सकाळी सहाला देवाचा फोटो, सातला सुविचार, आठला भाऊंचा फोटो. दुकानात काय आलं, केवढ्याला आहे, याचा पत्ता नाही. पहिल्याच दिवशी बाहेर पडलेल्यांत भाऊंच्या मंडळी होत्या. त्यांचं म्हणणं, "माणूस घरात हाय, पुन्हा मोबाइलमध्ये कशाला?"

गेल्या दिवाळीपासून भाऊंनी आपल्या स्वभावाला धरून नवा धंदा काढलाय: 'नवउद्योजक मार्गदर्शन केंद्र'. आम्ही हसलो. पण परवा मी तिथं बसलो असताना एक पोरगा आला. घरचं गुऱ्हाळ आहे, गुळाची ढेप व्यापारी ठरवील त्या भावात जाते, म्हणून अर्ध्या किलोच्या वड्या करून विकायच्या म्हणतो. चार हजारांचा फ्लेक्स लावू का, हे विचारायला आला होता.

भाऊंनी गॉगल काढला.

"फ्लेक्स बिक्स काही नको. दहा घरं धर. चहात गूळ घालणारी. पैसे घेऊन दे, फुकट द्यायचं नाही. फुकटाची चव कुणी सांगत नाही. आठ दिवसांनी जा आन् विचार, संपला का? दुसऱ्यांदा किती जणांनी मागितला ते वहीत लिही. सहाच्या खाली असले तर गूळ बदल, जाहिरात बदलू नको. पुडक्यावर तुझा फोटो नको, भाव पाहिजे, नंबर पाहिजे, आन् नंबर तुझाच पाहिजे. मेहुण्याचा नाही. उद्घाटन करूच नको. संक्रांतीच्या आधी महिनाभर माल तयार ठेव. तिळगुळाला बाया गूळ बघून घेतात."

मी गप्पच झालो. पोरगं पाया पडून निघालं. एवढं शहाणपण या माणसात होतं, तर ते इतकी वर्षं कुठं होतं, हे विचारायला मी तोंड उघडणार, तोच भाऊ दाराकडं धावले.

"थांब रं पोरा, एक फोटो राहिला!"

गॉगल चढला, मोबाइल कानाला गेला. पोराच्या खांद्यावर हात. फोटो मीच काढला. तो लगेच लातूरला फ्लेक्सवाल्याकडं रवाना झाला, आणि मागोमाग फोन: "वर लिहा, भाऊंच्या मार्गदर्शनानं यशस्वी. पंधरा बाय दहा. हाव, हाव, मेहुण्यांचा फोटो तुमच्याकडं असंलच."