अर्धी बकेट पुरे

गोल्फच्या शिकवणीचं पॅकेज बहुतेक ठिकाणी दहा तासांचं मिळतं. मीही घेतलं होतं. पहिल्या तासाला मास्तर म्हणाले, पकड चुकते आहे. दुसऱ्या तासाला खांदे पुरते वळत नव्हते, तिसऱ्याला मनगट लवकर सुटत होतं, चौथ्याला वजन डाव्या पायावर येत नव्हतं. दहावा तास संपला तेव्हा डोक्यात दहा सूचना होत्या आणि चेंडू पहिल्या दिवशीसारखाच उजवीकडे वळून झाडीत जात होता. मास्तरांनी सांगितलेली एकही गोष्ट खोटी नव्हती. चुकीचा होता तो हिशेब, दर आठवड्याला एक नवी दुरुस्ती. शरीर इतक्या वेगानं शिकत नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो. खिशात पैसे बेताचे असतील तर शिकवणीतून एकच गोष्ट विकत घ्या, ती म्हणजे निदान. डॉक्टरकडे कुणी रोज गोळी गिळायला जात नाही. एकदा तपासून घ्यायचं आणि औषध घरी घ्यायचं. गोल्फमधलं औषध म्हणजे एकाच हालचालीची हजार वेळा उजळणी. तिला पैसे लागत नाहीत. पण आपल्याला उजळणीचा कंटाळा येतो, आणि तो घालवायला आपण पुढच्या तासाचे पैसे भरतो. तालमीतला वस्ताद पोराला एक डाव दाखवतो आणि महिनाभर त्याच्याकडून तोच घोटून घेतो. गोल्फचा महागडा विद्यार्थी पुढच्याच रविवारी दुसरा डाव मागतो.

ज्यांच्याकडे शिकवणीला पैसेच नव्हते त्यांचं काय झालं, तेही पाहा. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होता, दुसऱ्यांच्या पिशव्या खांद्यावर वाहायचा. १९९१ साली त्यानं इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. त्याच्याआधी एकाच भारतीयानं ती जिंकली होती, १९६५ साली पी. जी. सेठी यांनी, तेही हौशी खेळाडू म्हणून. अली शेरनं १९९३ साली ती पुन्हा जिंकली. स्पेनच्या पेद्रेन्या गावातला सेवे बायेस्तेरोस लहानपणी एकाच क्लबवर, तीन नंबरच्या आयर्नवर, समुद्रकाठच्या वाळूत शिकला. १९७९ साली, २२ व्या वर्षी, त्यानं ब्रिटिश ओपन जिंकली. आणि लांब कशाला जायचं? चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्त्यांत पिशव्या वाहणारी पोरं बांधकामाची सळई वाकवून तिचा क्लब करतात आणि प्लास्टिकचा चेंडू घेऊन गल्लीतच गोल्फ खेळतात.

या गोष्टी सांगून गरिबीचं कौतुक करायचं नाही. त्या पोरांना नीट शिकवणी मिळाली असती तर ती आणखी पुढे गेली असती, आणि ती मिळायला हवी, यात मला शंका नाही. प्रश्न हा आहे की शिकवणी नसताना ती शिकली कशी. माझं उत्तर आहे, बघून. नव्वदच्या आसपास खेळणारे चौघे एक फेरी खेळले की साडेतीनशे फटके होतात. कॅडी तिथेच असतो आणि प्रत्येक चेंडू कुठून निघाला, कुठे वळला, कुठे पडला हे पाहणं हेच त्याचं काम असतं. चेंडू हरवला तर बोलणी त्यालाच खावी लागतात. आपण मात्र स्वतःच्या वाईट फटक्याकडे पाठ फिरवतो.

आणि तिथेच फुकटचा मास्तर घालवतो. चेंडू ज्या दिशेला निघतो ती दिशा मुख्यतः फटक्याच्या क्षणी क्लबचा चेहरा कुठे होता हे सांगते. हवेत तो जिकडे वळतो ते वळण क्लबची वाट आणि चेहरा यांच्यात किती फरक होता हे सांगतं. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल, तर क्लब बाहेरून आत येतो आहे आणि चेहरा त्या वाटेच्या मानानं उघडा आहे. स्लाइस, स्लाइस म्हणून जे रडगाणं चालतं ते बहुतेक वेळा एवढंच असतं. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात तो वेळ सुमारे अर्धा मिलिसेकंद. डोळ्यांना तो कधीच दिसणार नाही. पण त्याचा निकाल चेंडू पुढचे पाच-सहा सेकंद आकाशात लिहून दाखवतो. तो वाचायला शिका. दहा चेंडू मारा आणि वहीत दहा ओळी लिहा: कुठे निघाला, कुठे वळला. ही वही घेऊन मास्तरांकडे गेलात तर तासातली पहिली वीस मिनिटं वाचतील.

घरचा सराव सांगतो. गच्चीवर जा, क्लब उलटा धरा, म्हणजे डोक्याकडची बारीक बाजू हातात आणि मूठ खाली. आता फिरवा. सूं असा आवाज येईल. तो उजव्या खांद्यापाशी आला तर जोर वरच संपला. चेंडू जिथे असायला हवा तिथे किंवा त्याच्या किंचित पुढे आला पाहिजे. रोज पन्नास वेळा. कान सांगतील तेवढं कुठलंही यंत्र स्वस्तात सांगणार नाही. लयीचंही तसंच. चांगल्या खेळाडूंचा क्लब वर जायला जितका वेळ घेतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेळात खाली येतो. तेव्हा वर जाताना एक-दोन-तीन आणि चेंडूवर चार. हे मोजायला पैसे लागत नाहीत.

क्लब चेंडूला कुठे लागतो हे पाहायचं असेल तर क्लबच्या चेहऱ्यावर टाल्कम पावडर लावा. ठसा उमटतो. टाचेजवळ ठसे येत असतील आणि तुम्ही महिनाभर खांदे वळवत बसला असाल, तर दोष खांद्यांचा नव्हता, चेंडूपासून किती अंतरावर उभे राहता त्याचा होता.

फोन तर खिशातच आहे. कमरेच्या उंचीला ठेवा, एकदा मागून लक्ष्याच्या रेषेत, एकदा अगदी समोरून, आणि संथ गतीत चित्रण करा. मात्र ते मागच्या महिन्यातल्या स्वतःच्या चित्रणाशी ताडून पाहा. जगज्जेत्याशी तुलना करू नका, त्याची कंबर वेगळी आणि वय वेगळं. रोज रात्री नवा व्हिडिओ पाहून सकाळी नवी पकड धरणं हा तर दहा तासांच्या पॅकेजचाच आजार, फक्त फुकट मिळालेला.

मैदानाबद्दल एक सांगायलाच हवं. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून गोल्फ क्लब म्हणतात, पण तिथे क्रिकेट चालतं आणि माणसं फिरायला येतात. कुठल्याही सार्वजनिक मैदानावर खरा चेंडू मारू नका. तो जेमतेम ४६ ग्रॅमचा असला तरी डोक्यात बसला तर माणूस आडवा होतो. प्लास्टिकचा भोकाभोकांचा चेंडू घ्या. अमेरिकेचा बुब्बा वॉटसन लहानपणी तसल्याच चेंडूंनी घराभोवती खेळत वाढला, शिकवणीचा एकही तास न घेता, आणि २०१२ व २०१४ अशी दोनदा मास्टर्स जिंकला.

ज्या सरावाचा सर्वांत जास्त फायदा होतो तो फरशीवर होतो. पार ७२ च्या मैदानात प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात, म्हणजे ७२ पैकी ३६ फटके पटरचे. निम्मा खेळ! आणि आपण शिकवणीचे सगळे पैसे ड्रायव्हरवर घालतो. शाळेतली तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी जमिनीवर ठेवा, तिच्या एका टोकावर चेंडू ठेवा आणि पटरनं असा ढकला की तो पट्टीच्या दुसऱ्या टोकावरून उतरेल. चेहरा जरासा तिरका झाला की चेंडू मध्येच घसरतो. सलग वीस वेळा जमेपर्यंत पुढच्या पटिंगच्या तासाचे पैसे भरू नका.

आणि कृपा करून नवा ड्रायव्हर घेऊ नका. क्लबच्या चेहऱ्याची उसळी किती असावी यावर नियमांचीच मर्यादा आहे. मधोमध बसलेला फटका त्यापलीकडे कुठलीही कंपनी नेऊ शकत नाही. आणि आपला फटका मधोमध बसत नाही, हीच तर तक्रार आहे. त्या ड्रायव्हरच्या किमतीत वर्षाची निदानं होतात.

आता पैशांची वाटणी. दहा तासांऐवजी सहा महिन्यांत चारच तास घ्या, दोन तासांमध्ये सहा आठवड्यांचं अंतर ठेवा. परवडत नसेल तर तिघं मिळून एक तास घ्या. दुसऱ्याची चूक पाहताना आपली लवकर कळते, हे कॅडींनी सिद्ध केलेलं आहे. तासाच्या सुरुवातीलाच मास्तरांना सांगा: मला एकच गोष्ट द्या, आणि ती घरी कशी करायची ते दाखवा. शेवटची पाच मिनिटं ती तुम्ही त्यांना करून दाखवा, त्यांच्याच तोंडून वर्णन फोनवर नोंदवून घ्या. जे मास्तर एकच गोष्ट द्यायला तयार होतील ते तुमचे. ज्यांना दहाच तास विकायचे आहेत त्यांना नमस्कार करून निघा.

फेरी संपली की कॅडीशी दहा मिनिटं बसा. स्विंग कसा होता हे विचारू नका. भिडेखातर तो म्हणेल, साहेब, डोकं वर आलं. त्याला विचारा, आज माझे चेंडू कुठे कुठे गेले? त्याला सगळे आठवत असतात. आणि त्या दहा मिनिटांचे वेगळे पैसे द्या, टीप म्हणून नको, फी म्हणून. कितीतरी क्लबांत अशी नजर असलेली माणसं आयुष्यभर पिशव्याच वाहतात. क्लबांनी त्यांना शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण दिलं तर त्यांचं उत्पन्न वाढेल आणि आपल्याला परवडणारे मास्तर मिळतील. क्लबाच्या पुढच्या वार्षिक सभेत हा विषय कुणीतरी मांडाच.

तोवर येत्या रविवारी रेंजवर अर्धीच बकेट घ्या. प्रत्येक चेंडूनंतर थांबा, तो पडेपर्यंत बघा, वहीत ओळ लिहा, मगच पुढचा ठेवा.