बांधावरचं मूल्यमापन

जागतिक बँकेने २०१८ मध्ये ‘पोकरा’ला, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला, ४२ कोटी डॉलर मंजूर केले. पहिल्या टप्प्यात खानदेशातून जळगाव आत आलं, धुळे बाहेर राहिलं. पावसाने खंड पाडताना ही यादी पाहिली असेल, असं वाटत नाही. लोक या पैशाला मदत समजतात. आहे ते व्याजासकट फेडायचं कर्ज.

मग मूल्यमापन. आधीची पाहणी, मधली पाहणी, शेवटची पाहणी. शेततळ्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह वर चढतो. पाणी चढलं की नाही, हा पुढच्या पाहणीचा विषय.

तिकडे धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धतीने पिढ्यानपिढ्या पाणी वाटलं गेलं. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पीक राखायचा. पाणी तुटपुंजं असलं की कोणता फड, म्हणजे शिवाराचा कोणता तुकडा, भिजवायचा हे शेतकरीच ठरवायचे. सल्लागार नव्हता, निर्देशांक नव्हता. शेवटच्या वावरात पाणी पोचलं नाही, तर निष्कर्ष त्याच दिवशी, बांधावर उभं राहून, खणखणीत अहिराणीत जाहीर व्हायचा. परिशिष्ट जोडायची गरज कुणालाच भासत नसे.