मासा नाही

घरी प्रवाळाचे खारे मत्स्यालय मांडायचे तर सुरुवात माशाने होत नाही, वजनाने होते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे १८० लिटर पाणी मावते. काच, खडक, वाळू आणि स्टँड धरले की हा ऐवज पाव टनाच्या घरात जातो. म्हणून टाकी भिंतीलगत, पक्क्या स्टँडवर आणि खिडकीतल्या उन्हापासून लांब ठेवतात. पुण्यातल्या दुकानदाराला हे ठाऊक असते. गिऱ्हाइकाला ठाऊक असतो निमो.

गिऱ्हाईक : एक निमो द्या. आणि त्याला पुरेल असा छोटासा बाउल.

दुकानदार : मासा नाही.

गिऱ्हाईक : अहो, हा काय समोर पोहतोय!

दुकानदार : तो आहे. तुम्हाला नाही.

गिऱ्हाईक : पहिलीच वेळ आहे, म्हणून म्हटलं लहानापासून सुरू करावं.

दुकानदार : लहान पातेल्यातलं दूध आधी उतू जातं साहेब. इथे तेच.

पाणी जितके कमी तितके ते लवकर बिघडते. २० लिटरच्या टाकीतून दिवसाला अर्धा लिटर पाणी उडाले तर क्षारता हजारी ३५ वरून एका दिवसात ३६ च्या जवळ जाते. १८० लिटरमध्ये तेवढ्या पाण्याने काही बिघडत नाही. चूक पचवण्याची ताकद टाकीच्या आकारात असते, आणि पहिल्या वर्षी चुका भरपूर होतात.

पुढचा प्रश्न पाण्याचा. पुण्याला समुद्र नाही, पण गाडी आहे.

गिऱ्हाईक : शनिवारी अलिबागला चाललोय. चार कॅन भरून आणतो.

दुकानदार : किनाऱ्याचं पाणी? गाळ, डिझेल, सांडपाणी सगळं फुकट मिळेल. पावसाळ्यात तर नद्यांचं पाणी मिसळून ते धड खारंही नसतं.

गिऱ्हाईक : मग नळाचं घेतो. मीठ घरात आहे. सैंधवही आहे, उपासाचं.

दुकानदार : मासे उपासाला बसलेले नाहीत.

स्वयंपाकाचे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात त्याखेरीज लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते, आणि प्रवाळाचा सांगाडा त्यावरच बांधला जातो. म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेले मीठ घ्यावे लागते, १८० लिटरला साधारण साडेसहा किलो. ते विरघळवायचे पाणीही कोरे हवे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवांना घातक असते, आणि फॉस्फेट व सिलिकेट शेवाळाला खतासारखे लागू पडते. पिण्याच्या आरओमधून येणाऱ्या पाण्यात बहुधा चवीसाठी काही क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. इथे आरओच्या पुढे डीआय नावाची नळी लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणतात. मीठ वेगळ्या टबात, पंप लावून, रात्रभर ढवळू देतात.

गिऱ्हाईक : झालं तयार. जिभेवर थेंब टाकून पाहिलं, बरोबर समुद्रासारखं लागतंय.

दुकानदार : जीभ घरी ठेवा, हा रिफ्रॅक्टोमीटर न्या. काचेवर एक थेंब, झाकण लावा, उजेडाकडे धरून बघा. निळं संपून पांढरं जिथे सुरू होतं तिथे विशिष्ट घनता १.०२५ हवी.

गिऱ्हाईक : आता मासा?

दुकानदार : आता दगड.

दगड म्हणजे सच्छिद्र, प्रवाळाच्याच जुन्या सांगाड्यांपासून झालेला चुनखडीचा खडक. तो शोभेसाठी नसतो. त्याच्या भोकाभोकांत जिवाणूंची वस्ती होते आणि टाकीची खरी गाळणी तीच असते. समुद्रातून आलेल्या ओल्या खडकावर जिवाणू आधीच असतात, शिवाय न बोलावलेले खेकडे आणि किडेही. कोरडा खडक निर्जीव असतो, स्वस्त असतो आणि पाहुणे आणत नाही.

गिऱ्हाईक : आई म्हणते ओला आणलास तर कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊ, निर्जंतुक होईल.

इथे दुकानदार पहिल्यांदा खुर्चीवरून उठतो.

दुकानदार : आईंना सांगा, सगळं करा, ते करू नका. काही खडकांवर झोअँथिड नावाचे प्रवाळासारखे जीव असतात, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. उकळलं की वाफेतून घरभर पसरतं. अशानं माणसं दवाखान्यात पोचली आहेत. कोरडा घ्या.

खडक आणि पाणी एकत्र आले की नायट्रोजनची सायकल सुरू होते, आणि गिऱ्हाइकाच्या सहनशक्तीची कसोटीही. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि या काळात त्यांना खायला अमोनिया हवा. तो देण्यासाठी मासा सोडण्याची जुनी पद्धत होती. तीत मासा बऱ्याचदा मरत असे. आता बाटलीतला अमोनिया देतात.

दुकानदार : विरजण लावल्यासारखंच आहे. फक्त दह्याला एक रात्र लागते, याला दीड महिना. थेंबभर अमोनिया टाका, म्हणजे अमोनियम क्लोराइड, लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया होईल इतकं.

गिऱ्हाईक : अमोनियम क्लोराइड म्हणजे?

दुकानदार : नवसागर.

गिऱ्हाईक : नवसागर? अहो, ते हातभट्टीवाले घालतात ना? घरी कळलं तर!

दुकानदार : तुमच्या अख्ख्या टाकीला जेमतेम एक ग्रॅम लागेल. त्यात भट्टी लागत नाही. शुद्ध आणा, वाण्याकडचा नको.

दर दोन दिवसांनी परीक्षानळीत पाणी घेऊन रंग पाहायचा असतो. आधी अमोनियाचा हिरवा गडद होतो, मग तो उतरतो आणि नायट्राइटचा जांभळा चढतो. दोन्ही शून्यावर आले आणि टाकलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा झाला, की टाकी तयार. मधल्या काळात वाळूवर तपकिरी थर बसतो. हे डायटम. नव्या टाकीला ते होतातच, जसे बाळाला दात येताना जुलाब होतात असे घरची मोठी माणसे म्हणतात. गिऱ्हाईक मात्र तो थर घासून काढतो, पाणी बदलतो, आणि दुकानदाराला तिन्ही त्रिकाळ फोन करतो.

थांबण्याचा काळ यंत्रे लावण्यात घालवावा. स्किमर बारीक बुडबुड्यांच्या फेसात सेंद्रिय घाण पकडतो आणि वरच्या कपात साठवतो. त्या कपातल्या चहाच्या रंगाच्या द्रवाचा वास एकदा घेतला की स्किमर कशाला हे विचारावे लागत नाही. वेव्हमेकर पाणी हलते ठेवतो. तापमान २५-२६ अंशांवर हवे, आणि एप्रिलमधल्या पुण्यात ते अवघड. चिलर महाग पडतो. पाण्यावर पंखा सोडला तर कोरड्या हवेत माठासारखे काम होते आणि दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत पंख्याचा तितका उपयोग होत नाही.

सातव्या आठवड्यात दुकानदार मासा देतो.

गिऱ्हाईक : जोडी द्या. एक नर, एक मादी.

दुकानदार : दोन लहान घ्या. लहान असताना सगळे नरच. मग त्यांच्यातला वरचढ असतो तो मादी होतो. दुसरा नर राहतो.

गिऱ्हाईक : म्हणजे वरचढ ती मादी.

दुकानदार : तुमच्या घरी वेगळं आहे का?

निमो, म्हणजे क्लाउनफिश, आता प्रजनन केंद्रांतही वाढतो आणि तोच घ्यावा. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगवून, तिच्यात थोडे थोडे टाकीतले पाणी घालून त्याला सवय करतात. शंखगोगलगायी शेवाळ खायला आधीच सोडलेल्या असतात, आणि म्हणूनच तांबे असलेले औषध टाकीत कधी घालत नाहीत. माशाला ते सोसते, गोगलगाय आणि प्रवाळ मरतात. सी अ‍ॅनिमोन मात्र पहिल्या वर्षी नको. निमोला त्याच्यावाचून अडत नाही.

प्रवाळाची वेळ आणखी पुढे येते. पोवळे म्हणजे अंगठीतले रत्न, एवढीच ओळख बहुतेकांना असते. अंगठीत असतो सांगाडा. जिवंत प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या पेशींत राहणारे शैवाल प्रकाशावर त्याला अन्न देते, म्हणून निळसर तीव्र दिवे लागतात. पाणी फार तापले तर शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते.

गिऱ्हाईक : मालवणला स्नॉर्कलिंग केलं होतं. तिथे पाहिलेत. एखादी फांदी...

दुकानदार : फांदी नाही, कोठडी मिळेल. मालवण १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि २००१ मध्ये आपल्याकडच्या दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातलं. वाघाच्या पंक्तीला. कागद असलेलं तेवढंच घ्यायचं, आणि कागद जपून ठेवायचा.

रोजचे काम त्यानंतर उरते, आणि त्यातला घोळ एकच.

गिऱ्हाईक : पाणी रोज कमी होतंय. मीठ कालवून भरतोय, तरी रिफ्रॅक्टोमीटर चढतोच आहे!

दुकानदार : मिठागरात काय उडतं आणि काय उरतं?

गिऱ्हाईक : ...पाणी उडतं. मीठ उरतं.

दुकानदार : मग कोरं पाणी भरा. काचेवर मार्करनं रेघ मारा, रेघेपर्यंत. खारं पाणी फक्त बदलताना, पंधरवड्याला दहा टक्के. आणि प्रवाळ वाढू लागले की त्या कोऱ्या पाण्यात चुन्याची निवळी, रात्री, थेंबथेंब. पानाचा चुना नाही.

गिऱ्हाईक : गणपतीला आठ दिवस गावी जातोय. शेजारच्या काकांना खाऊ घालायला सांगितलंय.

दुकानदार : काका प्रेमळ आहेत?

गिऱ्हाईक : फार.

दुकानदार : मग चिमूटभर खाद्याच्या आठ पुड्या बांधून द्या. आणि डबा लपवून जा.